लाईट आली की गायब होणारी मेल

बाळांनो, तुमच्या काकूचं कौतुक तिच्या तोंडावर करायला मला, तिच्या सासूला, जमत नाही, म्हणून ते तुम्हाला लिहून कळवते.

तुमच्या मेल मी फोनवर पाहते आणि बाजाराच्या दिवशी माजलगावला जाऊन माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, वाचून दाखवते. तिला आता दिसत नाही. गेल्या उन्हाळ्यात मात्र सकाळी पाहिलेली मेल तिथे पोचेपर्यंत फोनवरून गायब झालेली असे. मी म्हणे, "अगं, आली होती."

"आलती तर गेली कुटं? पोरं इसरली म्हन ना सरळ. मी काय रडनार न्हाई." मग ती भिंतीकडे तोंड करून पडे.

हे काकूला सांगितलं, तर तिने मला दोष दिला नाही, फोनलाही नाही. तिने माझ्या पत्त्यावर एक मेल पाठवली आणि फोन समोर ठेवून शेंगा फोडत बसली. लाईट नव्हती तोवर मेल जागेवर होती. लाईट आली, माडीवर कंप्युटरचा पंखा घुरघुरला आणि मेल गेली.

"आई, मोटरीसारखं त्यालाही ऑटो लावलंय ना तुम्ही?"

लावलं होतं. विहिरीवरची मोटर लाईट येताच आपोआप सुरू होते, तसाच आमचा कंप्युटर आणि त्यातला जुना मेलचा प्रोग्राम. गुडघ्यांमुळे माडीवर जाणं सुटलं, तेव्हा मी तो विसरूनच गेले होते. तो चाले पॉप पद्धतीने: सर्व्हरवरची मेल उतरवून घ्यायची आणि तिथली पुसून टाकायची. फोन आयमॅपचा, सर्व्हरवर असेल तेवढंच दाखवणारा.

मी म्हटलं, बंद करून टाक. ती म्हणाली, "आधी आतलं वाचवू." तुमच्या सगळ्या मेल तिने पेन ड्राइव्हवर घेतल्या. प्रोग्रामला आयमॅपवर आणून पाहिलं, पण त्या जुन्याची सर्व्हरशी जोडणीच होईना. मग पॉपच ठेवून सर्व्हरवर प्रत राहू देण्याची खूण केली, मेन स्विच पाडून पुन्हा लावला आणि मेल टिकते का ते पाहिलं. टिकली. गेलेल्या मेलसुद्धा तिने एकेक करून फोनवर परत पाठवल्या.

अक्काने त्या सगळ्या ऐकल्या. शेवटची झाल्यावर म्हणाली, "परत वाच. गेली तर?"

"आता जात नाही गं."

"तरी वाच."