‘चालवू नका’च्या खालचं बटण

आता ही फजिती माझ्याच तोंडून ऐका. नाहीतर सुमनताई सांगतील, आणि त्या लई रंगवून सांगतात.

पडेगावच्या एका छोट्या क्लासमध्ये मी बायकांना कॉम्प्युटर शिकवतो. धडे मीच लिहितो, मार्कडाउनमध्ये. म्हणजे मजकूर साधा लिहायचा आणि कोडच्या वर-खाली तीन-तीन बॅकटिक टाकायचे. कीबोर्डवर एकच्या डावीकडं असते ना, ती तिरपी टिकली. पानावर कोडची झकास काळी चौकट होते. आमच्याकडं तर प्रत्येक चौकटीखाली आपोआप हिरवं बटण येतं, ‘चालवा’. दाबलं की कमांड तिथंच चालते.

एका धड्यात मी इशारा लिहिला, ‘ही कमांड कधीही चालवू नका, फोल्डरमधलं सगळं पुसलं जातं.’ कमांड उठून दिसावी म्हणून तिलाही बॅकटिक घातले. पुढं काय होणार, तुमच्या लक्षात आलं ना? माझ्या नाही आलं.

करमाडच्या सुमनताई कंपनीतल्या बढतीसाठी शिकायला यायच्या आणि बटणाला फार भ्यायच्या. म्हणून आठवडाभर मी सगळ्या बायकांकडून घोकून घेतलं होतं, बटण दिसलं की बिनधास्त दाबायचं. त्या दिवशी मागून ताईंचा आवाज आला.

“सर, इथं बी बटण आलंय. दाबू का?”

मी फळ्याकडं तोंड करूनच म्हणालो, “ताई, त्यात विचारायचं काय? दाबा.”

ताईंनी दाबलं. सर म्हणाले म्हणून शेजारणीनं दाबलं, मग अख्ख्या रांगेनं. सगळ्यांचा आठवडाभराचा सराव साफ.

गलका ऐकून क्लासचे मालक आले. झालं काय, म्हणून विचारायला लागले. मी माझ्या कॉम्प्युटरवर तोच धडा उघडला आणि शांतपणे समजावलं, “काही नाही सर, यांनी हे बटण असं दाबलं.”

आणि दाबलं.

माझ्या फोल्डरमध्ये सराव नव्हता हो. अख्ख्या कोर्सचे धडे होते.

“व्हय, आता समजलं,” मालक एवढंच म्हणाले आणि गेले.

बायकांनी घरी वाचायला म्हणून पानांचे फोटो काढले होते, म्हणून वाचलो. त्यांच्या फोनमध्ये बघून सगळे धडे पुन्हा टाइप करायचे ठरले.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो, तर माझ्या टेबलावर माउसच नाही. तो सुमनताईंच्या पर्सशेजारी.

“सर, तुम्ही नुसतं तोंडानं सांगा,” ताई म्हणाल्या. “दाबायचं आम्ही बघतो.”