हळदीच्या डब्यातला पेन ड्राइव्ह

अनुसया आत्या गेल्याचा फोन आला, तेव्हा मी कॉम्प्युटरवर ‘अभिनंदन, तुम्ही जिंकलात!’ असं ओरडणारी खिडकी बंद करत होतो. फोन ठेवला आणि आधी ती खिडकी बंद केली. असल्या खिडक्या बंद करायला मला आत्यानेच शिकवलं होतं, आणि तिला माऊस कसा धरतात तेही ठाऊक नव्हतं.

राहनाळला आमच्या शेतात गोडाऊन उभं राहिलं, तेव्हापासून आत्या गेटवर खुर्ची टाकून बसायची. मागवलेल्या मालाची यादी मांडीवर. यादीत नसलेली गाडी आली, की ड्रायव्हरने कितीही गयावया केली तरी ही ढिम्म. “अम्मा, अर्जंट है.” “अर्जंट तेरेको है, मेरेको नहीं. किसने बुलाया, नाम बोल!” मला तिची लाज वाटायची. एरवी ती आमच्याकडची धवलारीण, लग्नात धवले गाणारी. आईकडून तोंडपाठ केलेली गाणी, कागदावर एक ओळ नाही. गळ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा मी तिला गोडाऊनच्या ऑफिसात बसवून ती रेकॉर्ड केली. ऑपरेशननंतर बोलणं परत आलं, गाणं गेलं ते गेलंच.

पुढे तिच्या नातीचं लग्न ठरलं. आत्याचे धवले स्पीकरवर लावायचे, पण त्या फायली स्पीकरवर चालेनात. त्या बदलून देणारं फुकटातलं सॉफ्टवेअर मी शोधलं. पानावर ‘डाउनलोड’ची तीन हिरवी बटणं. घरातला कॉम्प्युटरवाला म्हणून मिरवणारा मी, त्यातलं सगळ्यात मोठं दाबलं. ती होती जाहिरात! लगेच लाल अक्षरांत इशारा आला, व्हायरस सापडलाय, ताबडतोब साफ करा. मी शहाण्याने तेही दाबलं. मग एकही गाणं उघडेना.

मी आत्याला सगळं सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, “ती खिडकी तू मागवली व्हतीस का?”

“नाही.”

“मंग आत कशाला घेतलीस? आनि घाई करत व्हती ना, तवाच वलखायचं.”

मग ती स्वयंपाकघरात गेली आणि हळदीच्या डब्यातून पेन ड्राइव्ह काढून आणला. रेकॉर्डिंगच्या दिवशी गाणी भरून मीच दिलेला, मीच विसरलेला, पिवळाधमक! मी तो हिसकावून कॉम्प्युटरला लावायला निघालो, तर हातावर चापट बसली. “आधी तुझा डबा साफ करून आन. घान भांड्यात दूध वततात का?” दुरुस्तीवाल्यानेही नेमकं हेच सांगितलं, फक्त त्याने चापट मारली नाही. कॉम्प्युटर साफ झाला आणि नातीच्या लग्नात आत्याचे धवले वाजले.

तेराव्यानंतर आम्ही सगळे ऑफिसात जमलो आणि धवले लावले. ऐन रंगात आल्यावर रेकॉर्डिंगमध्ये ट्रकचा हॉर्न वाजतो, आणि आत्या गाणं तोडून खेकसते, “कोनी बोलावला रं तुला? थांब तितंच!” आणि पुढची ओळ धरते. हा तुकडा कापून टाकायचं मी रेकॉर्ड करतानाच ठरवलं होतं, पण आळस केला. आम्ही आधी पोट धरून हसलो, मग कोणी कोणाकडे बघेना...

पेन ड्राइव्ह पुन्हा हळदीत ठेवलाय. गाणी मी आता आणखी दोन ठिकाणी उतरवून घेतली आहेत. तो तुकडा मात्र फोनवर वेगळा ठेवलाय. स्क्रीनवर न मागवलेलं काही उगवलं, की आधी तो लावतो.