वाणात गेलेली लिली

गोपिकेची चप्पल दारामागच्या खिळ्याला टांगलेली असायची. मी तिची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण, तरी ती चप्पल तिच्या पायात मी कधी पाहिली नव्हती. महाल वस्तीतल्या आमच्या गल्लीत बायका दिवसातून दहा वेळा एकमेकींच्या दारात जायच्या. गोपिकेच्या दारात सगळ्या जायच्या, ती मात्र कुणाकडे येत नसे.

तिच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा सासूबाई, म्हणजे जिजाबाई, न्हाणीत घसरून पडल्या. कंबरेचं हाड काही जुळलं नाही. तेव्हापासून त्या खाटेवर आणि गोपिका त्यांच्या हाकेवर. उशाशी पितळेचा पेला असे. सून नजरेआड झाली की तो खाटेच्या लोखंडी दांडीवर वाजू लागायचा. "कुठं चालली वं? मले एकटीले टाकून कुठं चालली?" दारावरची भाजी घ्यायला उठली तरी हेच. नवरा रूपराव गिरणीत पाळीवर जाई. माणूस गरीब स्वभावाचा, पण आईपुढे दोन शब्द बोल म्हटलं की त्याला नेमका गिरणीचा भोंगा ऐकू यायचा. मला त्या म्हातारीचा राग यायचा, आणि रूपरावाचा त्याहून जास्त.

जिजाबाईंना जिना चढता येत नव्हता, म्हणून गच्ची तेवढी गोपिकेची. तिथे डालड्याच्या डब्यांत तिनं लिली लावल्या होत्या. लाल लिली आमच्याकडे घरोघर असते. पांढरी तिनं माहेराहून आणली होती. बापाच्या तेरवीला एकच दिवस काटोलकडे गेली होती, तेव्हा पदरात त्या लिलीचा कांदा बांधून आणला. त्यानंतर तिला माहेर नाही. बापाचा संत्र्याचा बगीचा होता. जंभेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, रोपावर संत्र्याचा डोळा बांधून कलम करताना सुतळी धरायचं काम लहानपणी तिचं असे, त्यामुळे झाडाला हात लावताना ती कधी बिचकली नाही.

एका चैत्रात मी वाळवण घालायला आमच्या गच्चीवर गेले, तर कठड्यापलीकडे ही बाई पांढऱ्या लिलीत बोटं घालून बसलेली. परागाचे तुरे फुटायच्या आतच ती चिमटीनं खुडून टाकत होती. मग लाल फुलातली पिवळी पूड कापसाच्या बोळ्यानं पांढऱ्या फुलाच्या मधल्या काडीला लावली आणि माशी बसू नये म्हणून वर कागदाची टोपी घातली.

"हे काय करून राहिली वं?"

"लगन लावून राहिली," ती हसून म्हणाली. "मले पांढरी लिली पाहिजे, अन् काठ तेवढा लाल. लुगड्याले राहते तसा."

"तशी विकत मिळत असंल कुठं."

"मिळत असंल. पण ती मी केलेली थोडीच राहीन? या घरात मी एकबी गोष्ट माह्या मनानं केली नाई, चारू. मले हे एक पाहाचं हाये."

खाली पेला वाजला आणि ती उठून गेली.

बोंड धरलं, वाळलं, त्यातून काळ्या कागदाच्या कपट्यांसारख्या बिया निघाल्या. पावसाळ्याच्या तोंडावर तिनं त्या पेरल्या. गवतासारखी पाती आली. मला वाटलं, पुढच्या चैत्रात फूल. ती म्हणाली, बी लावल्यावर तीन वर्षं तरी धरायचीच. तीन वर्षं तिनं धरली. उन्हाळ्यात डब्यांवर ओलं गोणपाट टाकायची आणि कांदा हळूहळू पोसायची. तिसऱ्या हिवाळ्यात पाणी तोडलं, पाती वाळू दिली, कांदे काढून कोरड्या वाळूत, टोपलीत, जिन्याखाली ठेवले. जुनी झाडं गच्चीवरच राहिली. "औंदा फुलते," म्हणाली. तिला एवढं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं.

मग संक्रांत आली. हळदीकुंकू दरवर्षी तिच्याच घरी जोरात व्हायचं, कारण ती कुणाच्या घरी जाऊ शकत नसे आणि सगळ्या तिच्याकडे येत. नणंद सुभद्रा सासरहून मदतीला आली होती. वाण म्हणून कंगवे आणले होते. गोपिका स्वयंपाकघरात तिळाचा पाक बघत होती, मी वाट्या पुसत होते, आणि सुभद्रा पुढच्या खोलीत वाण लुटत होती. बायका मावेनात इतक्या आल्या. कंगवे संपले.

सुवासिनीला रिकाम्या ओटीनं कसं पाठवायचं? सुभद्रानं इकडेतिकडे पाहिलं. जिन्याखाली टोपली, टोपलीत एकसारखे निवडलेले, स्वच्छ कांदे. तिला वाटलं, वैनीनं जादा वाण आणून ठेवलं असेल. खाटेवरून जिजाबाईही म्हणाल्या, "दे वं, फुलाचे हायेत. लुटून टाक."

गोपिका तिळगुळाचं ताट घेऊन बाहेर आली तेव्हा शेवटचा कांदा तुळसाबाईंच्या ओटीत पडत होता. तुळसाबाई गल्लीच्या टोकाला विहिरीजवळ राहत. गोपिका जागीच थांबली. ताट तिच्या हातात हललंसुद्धा नाही, म्हणून मी घाबरले. हळद लावून हातानं दिलेलं वाण परत मागता येत नाही. मागणारीचंच वाईट होतं म्हणतात. ती पुढे झाली, तुळसाबाईंना तिळगूळ दिला आणि म्हणाली, "पाणी कमी घालजा."

सुभद्राला नंतर कळलं तेव्हा ती बिचारी रडली. जिजाबाई नाही रडल्या. "कांद्यापाई एवढं?" म्हणाल्या.

फाल्गुनात गोपिकेनं माझा हात धरला. "तू जाऊन पाहा वं. मले कोन सोडते?" मी घरोघर फिरले. एकीच्या नवऱ्यानं कांदा भाजीसाठी चिरला होता आणि दिवसभर हात खाजवत बसला होता. एकीनं नळाखाली लावून कुजवला. काहींची नुसती पानं आली. दोघींकडे फुलली, पण साधी लाल. मी येऊन सांगायचे आणि ती प्रत्येक वेळी "बरं" म्हणायची.

चैत्रात एका दुपारी मी तुळसाबाईंकडे गेले. विहिरीच्या कडेला, जमिनीतच लावलेली. एका दांड्यावर दोन फुलं. पांढरीशुभ्र, आणि पाकळीच्या कडेनं कुणी कुंकवाचं बोट फिरवावं तसा बारीक लाल काठ. मी धावतच परतले. उन्हानं टाळू भाजत होती, तरी धावले.

"चाल," मी म्हटलं. "जिजाबाईंजवळ मी बसते. घडीभराचं काम हाये."

गोपिकेनं सासूकडे पाहिलंही नाही. सरळ खिळ्यावरची चप्पल काढली. इतक्या वर्षांनी पट्टा वाळून कडक झालेला, तिनं पाय त्यात कोंबला. पेला वाजू लागला. "कुठं चालली वं?" ती ओट्यापर्यंत गेली. पेला थांबला आणि धप्पकन आवाज झाला. जिजाबाई खाटेवरून खाली आल्या होत्या. पडल्या की घसरल्या ते देवाला माहीत. मला विचाराल तर मी सांगीन, पण आता त्या नाहीत, आणि गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये.

गोपिका परत फिरली. आम्ही दोघींनी म्हातारीला उचललं. ती गोपिकेचं मनगट सोडेना. लहान लेकरासारखी रडत होती, आणि पहिल्यांदाच मला दिसलं की तीही घाबरलेली आहे. गोपिकेनं दुसऱ्या हातानं कनवटीची कुंकवाची रिकामी डबी काढून मला दिली. "तू जा. पिवळी पूड तेवढी आन. झाडून घेजो, फूल तोडू नोको."

मी पोहोचले तर दांडा कापलेला. नव्या झाडाचं पहिलं फूल देवीचं, म्हणून तुळसाबाई ताटात ठेवून देवळात निघाल्या होत्या. मी म्हटलं, वाटेत गोपिकेच्या दारावरून न्या, तिला फक्त दाखवा. त्यांनी जीभ चावली. "देवीचं म्हणून कापलं. आता दुसऱ्याच्या दारी कसं नेऊ वं?" मला देवीचाही राग आला. कशीबशी पूड डबीत झाडून घेतली.

गोपिकेनं ती गच्चीवरच्या पांढऱ्या लिलीला लावली, वर कागदाची टोपी घातली. मग मला समोर बसवलं. काठ किती रुंद होता? आतपर्यंत उतरला होता का? टोकाशी दोन्ही बाजू मिळत होत्या का? मी सांगत गेले. तेच तिनं पुढे कितीदा विचारलं असेल, आणि मीही तेच सांगितलं, एक शब्द न बदलता.

पावसात विहिरीकाठची काळी माती फुगली आणि तुळसाबाईंचा कांदा कुजला. हे तिला सांगायला मी श्रावणात वर गेले, तर ती त्या पुडीनं धरलेल्या बियांच्या नव्या पात्यांवरून गोगलगाई वेचत होती. मी सांगितलं, तरी ती वेचतच राहिली.

"आता आणखी तीन वर्षं," मी म्हटलं. "थांबशीन तू?"

खाली पेला वाजला. तिनं हातातली गोगलगाय कठड्यावर ठेवली आणि जिन्याकडे वळली.

"मी कुठं चालली वं?"