तणसात पिकू घातलेला फ्लास्क

एमएस्सीचा प्रोजेक्ट मी तणसात, म्हणजे धानाच्या पेंढ्यात, पुरला. खरंच पुरला, उगाच नाही बोलत.

साकोलीच्या कॉलेजात माझा विषय होता कार्बिन. कार्बन म्हणजे चार हातांचा गडी. कार्बिनचे दोनच हात गुंतलेले अन् खिशात इलेक्ट्रॉनची एक मोकळी जोडी. आल्डिहाइड नावाच्या रसायनातला कार्बन इलेक्ट्रॉनांचा पक्का घेणारा, कोणाला काही देईल तर शपथ! कार्बिन त्याला चिकटतो, आपली जोडी लावतो आणि तोच कंजूष घडीभर देणारा होतो, दुसऱ्या आल्डिहाइडला जाऊन जोडतो. काम झालं की कार्बिन सुटा, जसा आला तसा; अशालाच उत्प्रेरक म्हणतात. आमचा कार्बिन बनायचा बी-वन जीवनसत्त्वातून. बाबांच्या राइस मिलमध्ये तांदूळ पांढराशुभ्र करायच्या नादात हेच कोंड्यात जातं नि म्हशी खातात.

आल्डिहाइड अन् बी-वन फ्लास्कमध्ये मिसळून झाल्यावर सर म्हणाले, "दोन दिवस थंड जागी ठेव, हलवू नको." लॅबला सुट्टी, म्हणून फ्लास्क बूच लावून घरी आणला. न हलवता ठेवायचं म्हटल्यावर माझ्या झाडीपट्टीच्या डोक्यात एकच गोष्ट आली, आंबे. दाबला तणसात! एप्रिलचं ऊन, वरून तणसाची ऊब. काढला तर आत नुसतं पिवळं पाणी. जीवनसत्त्व मेलं होतं.

"ना आंबा पिकला, ना पोट्टा!" बाबा गरजले. "झालं शिक्षण. उद्यापासून मिलवर बस."

सरांनी आणखी एक संधी दिली, शेवटची. पण पुन्हा लॅबची सुट्टी आड आली, अन् आमच्याकडे फ्रिज एकच, मिलच्या ऑफिसातला, गिऱ्हाइकांच्या पाण्याचा. त्याला बाबा कोणाला हात लावू देत नसत.

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता बाबांना म्हणाली, "तुमचं कॉलेज अर्ध्यात सुटलं तवा दोन दिवस जेवले नव्हते तुम्ही. तुमची माय सांगे मले." अन् पुन्हा सुपात बोटं घातली.

दुसऱ्या दिवशी मिलवर गेलो तर बाबा स्वतः फ्रिजमधल्या बाटल्या बाहेर काढून राहिले होते. गिऱ्हाइकं कोमट पाणी पीत कुरकुरत होती.

"ठेव तुझं औषध," ते म्हणाले. "कोणी हलवलं त मले सांग."

पांढरेशुभ्र स्फटिक जमले. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "शेवटी उत्प्रेरक कुठे जातो?"

"परत तांदूळ निवडायला," माझ्या तोंडून निघालं.

त्यांना काही कळलं नाही. मला मात्र भर परीक्षेत रडू कोसळलं, बाप्पा.