नोआटाकवरची मागची जागा

डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला राहायला आल्यापासून मी नायगारा इतक्यांदा पाहिला होता, की आता तो धबधबाच मला ओळखत असेल. भारतातून कुणीही आलं की आमच्या यांची गाडी निघालीच तिकडे. त्यामुळे लायब्ररीतल्या एका स्लाइड शोमध्ये नोआटाक नदी दिसली तेव्हा मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. या ऑगस्टात पाहुणे आले तरी मी जाणार आणि नाही आले तरी जाणार.

नोआटाक अलास्कात, आर्क्टिक वर्तुळाच्याही उत्तरेला. रस्ता नाही, पूल नाही, दुकान तर सोडाच, वरच्या खोऱ्यात झाडसुद्धा नाही. "अगं, झाडंच नाहीत तर बघायचं काय?" मराठी मंडळाच्या पॉटलकला, घरोघरचे डबे एकत्र जेवताना, एका काकूंनी विचारलं. "तेच बघायचंय," मी म्हटलं. हे पडले इंजिनिअर. यांना नदीपेक्षा घडी होणारी होडी आवडली आणि हेही तयार झाले.

पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने आम्हाला डोंगरांमधल्या एका तळ्यावर सोडलं. पायलटने दोन गोष्टी बजावल्या: स्वयंपाक तंबूपासून लांब करा, आणि ठरलेल्या दिवशी नदीच्या खालच्या टप्प्यातल्या तळ्यावर हजर राहा. विमान गेलं आणि इतकी शांतता पसरली की मला रडूच आलं. भीतीने नव्हे, आनंदाने.

दोघांच्या होडीत मागे बसतो तो होडी वळवतो. मागे अर्थातच हे. गाडीतही तसंच. लायसन्स माझ्याकडे होतं, पण हे शेजारी बसले की "लेफ्ट घे, अगं ब्रेक!" सुरू व्हायचं. शेवटी मी गाडी चालवणंच सोडलं होतं. इथेही मी पुढे बसून निमूट वल्हं मारत होते आणि डोळे भरून बघत होते. पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे स्पष्ट दिसायचे. डोंगरउतारावर पांढरे ठिपके हलायचे, त्या रानमेंढ्या. ओल्या वाळूत लांडग्याची पावलं उमटलेली. डास मात्र आपल्याकडच्या डासांचे थोरले भाऊ.

एका संध्याकाळी पाऊस लागला आणि यांनी तंबूच्या दारातच वरणाला फोडणी दिली.

"अहो, पायलटने काय सांगितलं होतं?"

"पाऊस बघ की! आणि हिंगाचा वास अस्वलाला काय कळतोय?"

कळतो. सकाळी अस्वल आमच्या पातेल्यात नाक घालून उभं होतं. आम्ही ताटल्या बडवल्या, घसा फोडून ओरडलो. ते मागच्या दोन पायांवर उभं राहिलं, आम्हाला न्याहाळलं आणि कंटाळल्यासारखं निघून गेलं. पण मागे सरताना हे गोट्यांवरून घसरले आणि उजवा खांदा धरून खाली बसले. हात वर होईना.

मी ओढणीने यांचा हात गळ्यात बांधला. पुढे नदीत मोठ्या दगडांचा पट्टा होता आणि त्यापलीकडे विमान येणार होतं ते तळं. वेळेवर पोचलो नाही तर आम्ही कुठे अडकलोय हे कुणाला कळणारही नव्हतं.

"थांबू या. येईल कुणीतरी," हे म्हणाले.

"कोण येणार? मंडळाचे सेक्रेटरी?" असं म्हणून मी मागच्या जागेवर बसले.

पहिल्याच मोठ्या वळणावर समोर शिंगांचं रान पाण्यातून चाललेलं दिसलं. कॅरिबूंचा, म्हणजे तिथल्या रानटी रेनडिअरचा, अख्खा कळप नदी पोहून जात होता आणि प्रवाह आम्हाला थेट त्यांच्यात ओढत होता. "लेफ्ट! अगं, लेफ्ट घे!" हे ओरडले. डावीकडे पाणी खडकावर आपटत होतं. उजवीकडे काठालगत ते संथ होतं.

"अहो, होडी मी चालवतेय. तुम्ही गप्प बसा!"

लग्नानंतर असं मी पहिल्यांदाच बोलले. पूर्ण जोर लावून वल्हं मारलं आणि होडी उजव्या काठाच्या गोट्यांना लागली. कळप आमच्यासमोरून पलीकडे चढत राहिला, पिल्लं आयांना चिकटून, चालताना पायांचा कटकट आवाज करत. मला भलताच अभिमान वाटत होता.

मग दगडांचा पट्टा. एकदा खरवडलो, एकदा गर्रकन फिरलो, पण उलटलो नाही. विमान आलं तेव्हा आम्ही तळ्याच्या काठी वरणभात खात होतो. तंबूपासून लांब.

डेट्रॉइटच्या विमानतळावर गाडीपाशी आलो तेव्हा यांचा हात अजून गळ्यातच होता. मी किल्लीसाठी हात पुढे केला. हायवेवर चढताना शेजारून एक अजस्र ट्रक आला. यांचा उजवा पाय समोरच्या रिकाम्या जागेत करकचून ब्रेक दाबत होता. तोंड मात्र बंद होतं. मी लेन बदलली.