आईचा हात, सरांची सही

"मावशी, चित्राला हात लावू नका!"

सर हसतच बोलले, पण सगळ्या दालनात ऐकू गेलं. आईनं हात पदराखाली घेतला. चित्रातल्या ज्या हाताकडे ती बोट नेत होती, तो तिचाच हात होता.

विद्यापीठाच्या संग्रहालयात सरांच्या छापचित्रांच्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. मी त्यांची विद्यार्थिनी. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली पहिली. त्या वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्ला. आमच्या गावाकडे, मुकुटबनला, वेचणीला काम उरलं नाही, म्हणून आईला यायला सवड मिळाली.

आईच्या हाताच्या त्या चित्राचा लाकडी ठसा मी कोरला होता. दीड महिना. शाई मी लावली, कागद मी दाबले. खाली पेन्सिलीनं सही सरांची. "कार्यशाळेत अशीच रीत असते," ते म्हणाले होते. मी ऐकलं. लाकूड त्यांचं, हत्यारं त्यांची, शिकवणारेही तेच. उपकार होते.

आई कानाशी आली. "माहं बोट तं डाव्या हाताचं तुटलं. तू उजव्याचं काहून काढलं?"

चूक माझीच. लाकडावर चित्र उलटं काढावं लागतं, तेव्हा कागदावर सुलटं येतं. मी विसरले होते.

तिकडे सर पाहुण्यांना सांगत होते, "हात मुद्दाम उलटा केलाय. श्रमाची उलटी बाजू." पाहुण्यांनी माना डोलावल्या.

"तू केलं म्हनत होतीस ना?" आई म्हणाली. "मंग खाली त्याइचं नाव कायले?"

"अशीच रीत असते, आई."

तिनं आपला डावा हात माझ्यापुढे धरला. मला मान वर करता येईना.

तेवढ्यात सर जवळ आले. "अगं, आणखी दहा छाप काढ उद्या. आणि आईंना बाहेर बसव. फोटो व्हायचेत."

"नाही काढणार, सर."

"काय?"

"हात मुद्दाम उलटा नाही. कोरताना मी चुकले. ठसा माझा आहे."

मग सर हसले. "दमलीय पोरगी." पाहुणेही हसले. पुढच्या चित्राकडे वळले.

कुणी विश्वास ठेवला नाही. सही तशीच राहिली. कार्यशाळेचं दार मला बंद झालं. सरांनी शिकवलं, ते मी आजही नाकारत नाही. पण उपकार फेडायला आईचा हात देणार नाही. मी कोरीन त्याखाली माझंच नाव लागेल. नसेल लागत, तर तो कागद छापला जाणार नाही.