फ्लॉरेन्सला यांना काय दिसलं

तिकिटं माझ्या मुलानं, निखिलनं काढली आणि वर बजावलं, "आई, प्लीज, तिथे कुणाशी भांडू नकोस. जस्ट एन्जॉय." मी म्हटलं, इटलीत माझं भांडण कळणार कुणाला?

जायचं कारण सरळ होतं. माझे मिस्टर बोर्ड पेंटर. दुबईत, अल क्वोजच्या एका वर्कशॉपमध्ये जन्मभर दुकानांचे बोर्ड रंगवले, इंग्रजी डावीकडून, अरबी उजवीकडून. आता त्यांच्या डोळ्यांची मधली नजर जात चाललीये. कडेचं दिसतं, मधलं नाही. दार दिसतं, दारात माणूस उभा आहे हे दिसतं, त्याचं तोंड दिसत नाही. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली आणि म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, आहे ते टिकवू. त्या दिवसापासून हे गप्प झाले. ब्रश धुतले, फडक्यात गुंडाळले, माळ्यावर टाकले. एकदाच बोलले, "फ्लॉरेन्स राहिलं." तरुणपणी कुठल्यातरी कॅलेंडरवर तिथली चित्रं बघितली होती, तेव्हापासून डोक्यात होतं. मी म्हटलं, राहिलं कशाला, जाऊ. मी बर दुबईत घरून डबे देते. आठवडाभर डबे बंद ठेवले. गिऱ्हाइकांनी तोंडं वाकडी केली. करू देत.

जाणाऱ्यांसाठी आधी कामाचं सांगते. व्हिसाची अपॉइंटमेंट लवकर धरा, ऐन वेळी मिळत नाही. आम्ही दुबईहून बोलोन्याला उतरलो आणि तिथून ट्रेननं गेलो. साध्या ट्रेनचं कागदी तिकीट असेल तर चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड बसतो. खोली नदीपलीकडे घ्या, भाडं जरा कमी पडतं. पण लिफ्ट आहे का ते विचारा. आम्ही विचारलं नाही. जिना दगडी, उभा, अंधारा. हे एक हात भिंतीला लावून आणि एक माझ्या खांद्यावर ठेवून चढायचे आणि मी दर वळणावर त्या घरमालकाचा उद्धार करायची.

कॉफी उभ्यानं प्या. बसलात की तीच कॉफी महाग. उभ्यानं दीड युरो, म्हणजे सहा-साडेसहा दिरहम, म्हणजे दीडशेच्या आसपास रुपये. हे ऐकल्यावर यांनी ती बोटभर कॉफी फुंकर मारमारून पुरवली. तिथल्या पावात मीठ नसतं. मला वाटलं, टाकायचं विसरले. दुसऱ्या दुकानातही तेच. मग मी शेंगदाण्याची चटणी पर्समध्येच ठेवायला लागले. पांढऱ्या घेवड्याची आमटी मात्र झकास मिळते, कुठेही मागा.

पहिल्या सकाळी मोठ्या गॅलरीत गेलो. तिकीट ऑनलाइन काढलेलं होतं तरी रांग होतीच. आत दालनामागून दालन, सोनेरी चौकटी, आणि यांना ज्या चित्राची ओढ होती ते सापडलं. आई आणि मांडीवर बाळ. हे समोर उभे राहिले. मान थोडी इकडे, थोडी तिकडे. जवळ गेले, मागे आले. मी विचारलं, "दिसलं?"

"चौकट छान आहे," हे म्हणाले.

मागचे लोक ढकलत होते. मी म्हटलं, "अहो, नीट बघा ना." बोलून गेले आणि जीभ चावली. हे नुसते हसले, म्हणाले, "चल, तुझे पाय दुखत असतील." खोलीवर आल्यावर भिंतीकडे तोंड करून झोपले. थोड्या वेळानं तसेच पडून म्हणाले, "निखिलला विचार, परतीचं तिकीट आधीचं करून मिळतं का."

मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी यांना घेऊन चर्चला गेले. मला वाटलं, चित्र नाही तर नाही, निदान देवाच्या दारात बसवते. मोठं जुनं चर्च, पुढे भलं मोठं अंगण. आता आपली सवय. बर दुबईच्या देवळाच्या गल्लीत वर्षानुवर्षं जाणारी मी, दारात पाय थांबला की चप्पल निघते. माझी काढली, यांचे बूट-मोजे काढायला लावले, कडेला जोडून ठेवले आणि आत शिरलो. बाकी सगळे बूट घालून फिरतायत हे माझ्या लक्षात आलं तोवर फरशीनं तळवे गारठले होते.

हे चार पावलं चालले आणि थांबले. पाय पुढे-मागे घासून बघायला लागले.

"खाली अक्षरं आहेत," हे म्हणाले.

मी वाकून बघते तर ती फरशी नव्हे, थडगं. माणसाचं नाव कोरलेलं. कागदाला चुकून पाय लागला तरी उचलून कपाळाला लावणारे आम्ही, आणि इथे मेलेल्याच्या नावावर अनवाणी उभे. "बाजूला व्हा," मी म्हटलं, "नाव आहे ते कुणाचं तरी."

हे बाजूला झाले नाहीत. खाली बसले. अक्षराला हात लावून तो कपाळाला लावला. मग हात परत खाली गेला आणि तिथेच राहिला. बोट एकेका खाचेतून फिरायला लागलं.

"हा एस. वरचं पोट लहान ठेवलंय बघ, खालचं मोठं. नाहीतर पडल्यासारखा दिसतो." मग पुढे सरकून, "आणि हा आर. पाय काय सोडलाय याचा. आधी ब्रशनं काढलाय, मग छिन्नी चालवलीये. सांगतो ना मी तुला."

इतकं लांब वाक्य मी कित्येक महिन्यांनी ऐकत होते. मीही खाली बसले.

तेवढ्यात तिथली राखणदार बाई आली. माझ्यापेक्षा मोठी, गळ्यात कार्ड. मला वाटलं, आता हाकलणार. तर तिच्या हातात आमची पादत्राणं. दारातून उचलून, देवासमोरून, स्वतःच्या हातानं आणलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी झटकन तिच्या हातातून ओढून घेतली आणि तिच्या हाताला हात लावून नमस्कार केला. ती म्हणाली, "कोल्ड, सिन्योरा. कोल्ड." मी यांच्या डोळ्यांकडे बोट केलं, मग फरशीकडे. तिनं थोडा वेळ यांचं बोट फिरताना बघितलं. मग आम्हाला भिंतीकडे नेलं. तिथल्या दगडावर फारसे पाय पडले नव्हते, अक्षरं खोल होती. ती बाजूला उभी राहिली आणि येणाऱ्यांना हातानं वळवून लावत राहिली.

बाहेर आल्यावर हेच म्हणाले, "उद्या परत त्या चित्रातल्या पोरीकडे जाऊ. तू सांग, मी ऐकतो."

गॅलरीचं तिकीट परत काढावं लागलं. काढलं. चित्रासमोर हे चौकटीच्या कोपऱ्याकडे बघत उभे राहिले आणि मी सांगायला लागले. मला काय येतंय सांगता? म्हटलं, बाई बसलीये, पोर गुबगुबीत, झोप झालेली नाही त्याची.

"ओठ?"

"मिटलेले. पण आता बोलेल असे. मी पोळ्या लाटत असताना तुम्ही तिसऱ्यांदा चहा मागता, तेव्हा माझे होतात तसे."

हे इतक्या मोठ्यानं हसले की अख्खं दालन वळलं.

घरी येऊन आता महिना झाला. डॉक्टर म्हणतात, फरक नाही. मला ठाऊक होतं. फिरून आल्यानं कुणाचे डोळे बरे होत नाहीत, त्या आशेनं कुणी जाऊ नये. पण यांना आता सगळं सांगून हवं असतं, आणि माझ्याकडे धीर कमी. तरी सांगते.

परवा संध्याकाळी अब्रात, इथल्या लाकडी होडीत, बसून खाडी ओलांडत होतो. मी सुरू झाले, पाणी काळपट, पलीकडे मशिदीचे दिवे लागलेत, समोरचा माणूस जांभया देतोय. हे म्हणाले, "आता तुझं तोंड सांग."

"माझ्या तोंडाला काय झालंय? आहे तसंच आहे."

"मला दिसत नाही म्हणून विचारतोय."

त्या परक्या बाईचं सगळं सांगितलं होतं मी. माझं सांगायला एक शब्द सापडेना. मग यांचं बोट धरलं आणि माझ्या कपाळावर टेकवलं. सगळा अब्रा बघत होता. बघू देत. बोट भुवईवरून नाकावर आलं, खाली उतरलं आणि ओठांशी थांबलं.

"मिटलेले आहेत," हे म्हणाले. "आज काहीच बोलायचं नाही का?"